गवताचे काठिण्य : दुय्यम पेशीभित्ती आणि तिचे जनुकीय नियमन

पावसाळ्याच्या प्रारंभी बांबूच्या बेटात जमिनीतून वर येणारा कोंब इतका कोवळा असतो की, तो सुरीने सहज कापला जातो आणि उकडून त्याची भाजी करता येते. ईशान्य भारतात आणि पश्चिम किनाऱ्यालगतच्या काही प्रदेशांत ही भाजी आवडीने खाल्ली जाते. हा कोंब तोडला नाही, तर तो काही महिन्यांतच आपली पूर्ण उंची गाठतो आणि तीन-चार वर्षांनंतर त्याच दांड्यावर घराचे छप्पर तोलता येते. मधल्या वर्षांत दांड्याची उंची वाढलेली नसते; त्याचा घेरही वाढलेला नसतो. बदल झालेला असतो तो त्याच्या पेशींच्या भित्तींमध्ये.

बांबू हे तृणकुलातील, म्हणजे गवतांच्या कुळातील झाड आहे. भात, गहू, मका, ज्वारी, बाजरी आणि ऊस हे त्याचे सगोत्र होत. आंबा किंवा साग यांसारख्या वृक्षांच्या खोडात वर्षानुवर्षे नवे लाकूड तयार करणारा एक वर्धनशील थर असतो. गवतांच्या खोडात असा थर नसतो. एकदा कांडे वाढून पूर्ण झाले की, त्याला बळकटी आणण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे असलेल्या पेशींच्याच भित्ती आतून जाड करणे. शेतातील पीक वाऱ्यात उभे राहील की आडवे होईल, त्याचा कडबा जनावराच्या अंगी लागेल की नाही, हे पुष्कळ अंशी या एका क्रियेवर अवलंबून असते. ही क्रिया कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती प्रमाणात घडावी हे कसे ठरते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

दोन भित्ती

वनस्पतीची प्रत्येक पेशी वाढत असताना तिच्याभोवती एक पातळ व लवचिक भित्ती असते. हिला प्राथमिक भित्ती म्हणतात. पेशीत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने ही भित्ती ताणली जाते, तिच्यात नवी द्रव्ये भरली जातात आणि पेशी मोठी होते. वाढ पूर्ण झाल्यावर बहुतेक पेशी या अवस्थेतच राहतात. पानातील हिरव्या पेशी किंवा ज्वारीच्या ताटातील मऊ गाभ्याच्या पेशी ही त्यांची उदाहरणे होत.

काही ठरावीक पेशी मात्र येथे थांबत नाहीत. त्या प्राथमिक भित्तीच्या आतील बाजूस थरावर थर देऊन दुसरी भित्ती बांधू लागतात. हीच दुय्यम भित्ती होय. ती आतून बांधली जात असल्यामुळे पेशीची पोकळी क्रमाक्रमाने लहान होत जाते. असे थर पक्के झाल्यावर पेशीला पुन्हा वाढता येत नाही. म्हणून दुय्यम भित्तीचा प्रारंभ हा पेशीच्या आयुष्यातील माघार नसलेला निर्णय असतो. तो वेळेपूर्वी झाला तर वाढ खुंटते आणि झालाच नाही तर खोड उभे राहत नाही.

ज्वारीच्या ताटाचा आडवा छेद भिंगाखाली पाहिला, तर हा निर्णय कोठे घेतला गेला आहे ते स्पष्ट दिसते. मऊ गाभ्यात ठिपक्यांसारखे विखुरलेले वाहक वृंद दिसतात. प्रत्येक वृंदात पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या असतात आणि त्याच्याभोवती जाड भित्तींच्या पेशींचे, म्हणजे दृढ ऊतकाचे, वेष्टण असते. सालीकडे हे वृंद दाटीने जमलेले असतात आणि सालीच्या लगेच आत दृढ ऊतकाचा कठीण पट्टा असतो.

दृढ ऊतकाचे काम खोडाला ताठ ठेवण्याचे, तर जलवाहिनीचे काम निराळे आहे. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे मुळांकडील पाणी वर ओढले जाते. या ओढीमुळे जलवाहिनीच्या भित्तींवर बाहेरून आत असा ताण येतो. भित्ती कच्ची असेल, तर जोराने चोखलेली कागदी नळी जशी चपटी होते तशी जलवाहिनी आत दबते. जलवाहिनीची पेशी आपली भित्ती पूर्ण झाल्यावर स्वतः मरून जाते आणि मागे उरलेली पोकळ नळी पाणी वाहून नेते.

या छेदातील मऊ पेशी आणि तिच्या शेजारची कठीण पेशी यांच्यातील डीएनए एकच असतो. तरीही एक भित्ती बांधते व दुसरी बांधत नाही. जनुकीय नियमनाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

भित्तीची द्रव्ये

दुय्यम भित्ती मुख्यत्वे तीन द्रव्यांची बनलेली असते. पहिले सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू एका सरळ रांगेत जोडले जाऊन त्याची साखळी बनते आणि अशा अनेक साखळ्या एकत्र येऊन त्यांचा चिवट तंतू तयार होतो. पेशीपटलावर सहा पाकळ्यांच्या फुलासारखे दिसणारे प्रथिनांचे समूह असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते पाहता येतात. सेल्युलोजचा तंतू विणण्याचे काम हे समूह करतात.

दुसरे द्रव्य झायलन. याची साखळी झायलोज नावाच्या शर्करेची असते आणि ती सेल्युलोजच्या तंतूंना बिलगून राहते. तिसरे द्रव्य लिग्निन. हे शर्करेचे बनलेले नसते. पेशीत तयार होणारी तीन प्रकारची अल्कोहोले भित्तीत पोहोचतात आणि तेथे एकमेकांशी जोडली जाऊन त्यांचे गुंतागुंतीचे जाळे बनते. सिमेंट-काँक्रीटच्या बांधकामात ताण सोसणाऱ्या लोखंडी सळया आणि त्यांना जखडून ठेवणारे काँक्रीट यांचा जसा संयोग असतो, तसाच येथे सेल्युलोज व लिग्निन यांचा असतो. लिग्निनमुळे भित्ती पाणी झिरपू देत नाही आणि सूक्ष्मजंतूंना तिच्यातील शर्करेपर्यंत सहजी पोहोचता येत नाही.

गवतांच्या भित्तीत काही वैशिष्ट्ये आढळतात. त्यांच्या झायलनला अरॅबिनोज शर्करेच्या फांद्या असतात आणि त्यांपैकी काहींवर फेरुलिक अम्ल जोडलेले असते. दोन शेजारच्या साखळ्यांवरील फेरुलिक अम्ले परस्परांशी जुळून सांधा तयार होतो. तेच अम्ल लिग्निनशीही जोडले जाते. शर्करा आणि लिग्निन यांना बांधणारी ही गाठ गवतांत विपुल असते. गवतांच्या लिग्निनमध्ये ट्रायसिन नावाचे एक द्रव्यही गुंफलेले असते. गव्हाच्या काडात ते २०१२ साली आढळून आले. लिग्निनच्या कच्च्या मालाचा मार्गही येथे थोडा वेगळा आहे. बहुतेक वनस्पती फेनिलॲलनीन या ॲमिनो अम्लापासून लिग्निन बनवितात. गवते त्याबरोबरच टायरोसीन या दुसऱ्या ॲमिनो अम्लाचाही उपयोग करतात. ब्रॅकिपोडियम या लहान गवतावर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, त्याच्या लिग्निनपैकी जवळजवळ निम्मा भाग टायरोसीनच्या मार्गाने येतो.

तपकिरी शीर आणि ठिसूळ काड

ही द्रव्ये बनविणाऱ्या जनुकांचा पहिला सुगावा प्रयोगशाळेत लागला नाही. तो शेतातील सदोष रोपांनी दिला. १९२४ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल येथील विद्यापीठाच्या शेतावर मक्याची काही झाडे अशी आढळली की, त्यांच्या पानांची मधली शीर नेहमीप्रमाणे हिरवट-पांढरी नसून तपकिरी होती. हा गुण पुढील पिढीत उतरत होता. कालांतराने अशा झाडांत लिग्निन कमी असते व त्यांचा चारा जनावरांना अधिक पचतो, असे दिसून आले. तपकिरी शिरेचे एकाहून अधिक प्रकार मक्यात सापडले. त्यांपैकी एका प्रकारात लिग्निनच्या घटकांना मेथिल गट जोडणारे विकर, म्हणजे एंझाइम, निकामी झालेले असते, हे १९९५ साली कळले. दुसऱ्या एका प्रकारात अल्कोहोल तयार करण्याच्या शेवटच्या पायरीवरचे विकर मंदावलेले असते, हे १९९८ साली स्पष्ट झाले.

ज्वारीत असे दोष मुद्दाम निर्माण करण्यात आले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ज्वारीच्या बियाण्यावर रासायनिक प्रक्रिया करून तपकिरी शिरेची १९ उत्परिवर्ती रोपे वेगळी काढण्यात आली. त्यांचे वर्णन १९७८ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांतील महत्त्वाच्या दोन जनुकांची ओळख पटली, तेव्हा ती मक्यातील वरील दोन विकरांचीच निघाली.

भाताने सेल्युलोजचा धागा हाती दिला. भाताच्या काही उत्परिवर्ती रोपांचे काड वाकविताच वाकत नाही, मोडते. २००३ साली जपानमधील संशोधकांनी अशा तीन ठिसूळ प्रकारांचा अभ्यास केला. दुय्यम भित्तीतील सेल्युलोज विणणाऱ्या समूहात तीन वेगवेगळी प्रथिने असतात आणि या तीन प्रकारांत त्यांपैकी एकेक प्रथिन बिघडलेले होते. तिन्हींपैकी कोणतेही एक नसले तरी काडातील सेल्युलोजचे प्रमाण नेहमीच्या चौथ्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी होत असे. एकाची उणीव उरलेली दोन भरून काढू शकत नव्हती. त्याच वर्षी चीनमधील संशोधकांनी ठिसूळ काडाच्या आणखी एका प्रकाराचे जनुक ओळखले. त्याचे प्रथिन स्वतः सेल्युलोज विणत नाही. परंतु ते नसेल तर दृढ ऊतकाची भित्ती पातळ होते, सेल्युलोज घटते आणि लिग्निन मात्र वाढते. एक द्रव्य कमी पडले की भित्तीतील दुसऱ्या द्रव्यांचे प्रमाणही बदलते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

या सर्व जनुकांना भित्तीचे कारागीर म्हणता येईल. प्रत्येकाचे काम ठरलेले आहे आणि एक कामावर नसला तर काय बिघडते ते ठिसूळ काड किंवा तपकिरी शीर दाखविते. परंतु कारागिरांची ओळख पटल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. सेल्युलोज, झायलन आणि लिग्निन यांची कामे करणारी अनेक जनुके एकाच पेशीत, एकाच सुमारास जागी होतात आणि शेजारच्या मऊ पेशीत ती सारी निद्रिस्त राहतात. त्यांना एकत्र जागे करणारा कोण?

आज्ञांची उतरंड

जनुकातील संदेश वाचला गेला तरच त्याचे प्रथिन तयार होते. प्रत्येक जनुकाच्या आरंभापूर्वी डीएनएचा एक पट्टा असतो. त्याला प्रवर्तक म्हणतात. काही विशिष्ट प्रथिने या पट्ट्यातील ठरावीक अक्षरसमूह ओळखून तेथे चिकटतात आणि जनुकाच्या वाचनास चालना देतात अथवा ते रोखतात. अशा प्रथिनांना प्रतिलेखन-नियंत्रक म्हणतात. एकाच प्रकारचा अक्षरसमूह अनेक जनुकांच्या प्रवर्तकांत असेल, तर एकच नियंत्रक त्या सर्वांना एका वेळी चालना देऊ शकतो.

दुय्यम भित्तीच्या नियंत्रकांचा शोध प्रथम गवतांत लागला नाही. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस नावाच्या एका छोट्या रोपट्यात तो लागला. ते लवकर वाढते, त्याच्या पिढ्या झपाट्याने येतात आणि त्याची संपूर्ण जनुकमाला २००० सालीच वाचली गेली होती. २००५ साली जपानी संशोधकांनी त्यातील व्ही.एन.डी.-६ आणि व्ही.एन.डी.-७ ही दोन जनुके जलवाहिन्यांशी संबंधित असल्याचे दाखविले. ही जनुके रोपात सर्वत्र कार्यरत केली, तेव्हा एरवी मऊ राहणाऱ्या पेशीही जलवाहिनीसारखी नक्षीदार जाड भित्ती बांधू लागल्या. एका प्रथिनाच्या आज्ञेने पेशीचे भवितव्य बदलले होते.

त्यानंतरच्या दोन वर्षांत अमेरिका व जपान येथील दोन गटांनी दृढ ऊतकातील तंतुपेशींचे नियंत्रक शोधून काढले. त्यांपैकी एन.एस.टी.-१ व एन.एस.टी.-३ ही दोन्ही जनुके एकाच वेळी निकामी केल्यावर तंतुपेशींत दुय्यम भित्ती तयारच झाली नाही. ते खोड ताठ उभे राहू शकेना. त्याच्या जलवाहिन्या मात्र शाबूत होत्या, कारण त्यांना आज्ञा देणारे नियंत्रक निराळे होते.

हे सर्व नियंत्रक नॅक नावाच्या एकाच प्रथिन-घराण्यातील आहेत. ते स्वतः काही कारागीर जनुकांना जागे करतात. परंतु त्यांचे मोठे काम म्हणजे दुसऱ्या फळीतील नियंत्रकांना जागे करणे हे होय. दुसऱ्या फळीत मिब घराण्यातील प्रथिने येतात. मिब-४६ व मिब-८३ ही त्यांतील प्रमुख होत. ती सेल्युलोज, झायलन व लिग्निन या तिन्हींच्या जनुकांना चालना देतात. त्यांच्याखाली तिसऱ्या फळीत आणखी काही मिब प्रथिने आहेत. उदाहरणार्थ, मिब-५८ आणि मिब-६३ ही केवळ लिग्निनच्या जनुकांकडे लक्ष देतात. अशा रीतीने वरून खाली आज्ञांची एक उतरंड रचलेली दिसते.

येथे एक शंका उपस्थित होते. हे नियंत्रक इतके महत्त्वाचे असतील, तर तपकिरी शीर किंवा ठिसूळ काड यांच्याप्रमाणे त्यांच्यातील बिघाडही शेतकऱ्यांच्या व पैदासकारांच्या नजरेस फार पूर्वी का आला नाही? याचे उत्तर वरील प्रयोगातच आहे. एन.एस.टी.-१ एकटे निकामी केले तर खोडात ठळक फरक पडत नाही, एन.एस.टी.-३ चेही तसेच. मिब-४६ आणि मिब-८३ यांची जोडीही अशीच परस्परांची जागा घेते. उतरंडीच्या वरच्या भागात प्रत्येक पदावर दोन अधिकारी नेमलेले असतात. एक नसला तरी काम अडत नाही. उलट लिग्निनची वा सेल्युलोजची अनेक कामे करणारा कारागीर बहुधा एकटाच असतो, म्हणून त्याच्यातील बिघाड लगेच डोळ्यांत भरतो. यामुळेच सदोष रोपांच्या निरीक्षणातून कारागीर सापडले. नियंत्रक सापडण्यास जनुकांची जोडी मुद्दाम निकामी करण्याचे तंत्र अवगत व्हावे लागले.

गवतांतील व्यवस्था

ॲराबिडॉप्सिस हे द्विदलिकित आहे आणि गवते एकदलिकित. या दोन शाखा एकमेकींपासून विभक्त होऊन दहा कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत. त्यामुळे एका शाखेतील व्यवस्था दुसरीत तशीच असेल, असे गृहीत धरता येत नव्हते. २०११ साली याची कसोटी घेण्यात आली. ॲराबिडॉप्सिसच्या ज्या रोपांत तंतुपेशींची भित्ती तयार होत नव्हती, त्यांत भात आणि मका यांची नॅक जनुके घालण्यात आली. भित्ती पुन्हा तयार होऊ लागली. भात व मका यांच्या मिब-४६ सदृश जनुकांनीही त्या रोपट्यात भित्ती-बांधणीची सर्व कामे सुरू केली. इतक्या दीर्घ काळानंतरही आज्ञांची भाषा दोन्ही शाखांत एकच राहिली होती.

भातातही याचा पडताळा आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगांत भाताच्या प्रमुख नॅक नियंत्रकाचे कार्य त्याच्याच रूपांतरित, दमनकारी आवृत्तीने दाबून टाकण्यात आले. तेव्हा पानांतील दृढ ऊतकाच्या भित्ती पातळ पडल्या आणि एरवी ताठ असणारी पाने खाली झुकली.

तथापि भाषा एक असली तरी सर्व आज्ञा एक नाहीत. २०१८ साली ब्रॅकिपोडियममध्ये मिब घराण्यातील असे एक प्रथिन वर्णिले गेले, जे दुय्यम भित्तीच्या जाडीला चालना देते. परंतु ॲराबिडॉप्सिस ज्या कुळातील आहे, त्या मोहरीच्या कुळात त्याचा प्रतिरूप आढळत नाही. केवळ एका रोपट्याचा अभ्यास करून गवतांविषयी निष्कर्ष काढणे किती अपुरे ठरले असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आज्ञा केवळ कामास लावणाऱ्याच असतात असे नाही. काही थांबविणाऱ्याही असतात. मक्यातील मिब-३१ आणि मिब-४२ ही प्रथिने लिग्निनच्या काही जनुकांचे वाचन रोखतात. वनस्पतींतील पहिले मिब जनुकही मक्यातच, १९८७ साली ओळखले गेले होते. ते मक्याच्या दाण्यांच्या जांभळ्या-लाल रंगाचे नियमन करते. हा रंग आणि लिग्निन यांच्या रासायनिक निर्मितीच्या आरंभीच्या पायऱ्या समाईक आहेत. दाण्याचा रंग आणि ताटाची बळकटी या दोन दूरच्या वाटणाऱ्या गोष्टींमागे नियंत्रकांचे एकच घराणे असावे, हे त्यावरून समजण्यासारखे आहे.

उंची आणि बळकटी

भित्तीची बांधणी आणि खोडाची वाढ यांत क्रम पाळला जाणे आवश्यक असते. कांडे लांब होत असताना त्याच्या पेशी मऊ राहिल्या पाहिजेत आणि लांबी पूर्ण होताच त्या कठीण झाल्या पाहिजेत. या दोन घटनांना जोडणारा एक दुवा भातात सापडला आहे. तो समजण्यासाठी हरितक्रांतीच्या काळाकडे वळावे लागते.

जुन्या उंच जातींना नत्रखत अधिक दिले की कणसे वा लोंब्या भरत. पण त्यांच्या भाराने आणि वाऱ्याने पीक आडवे होई. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आय.आर.-८ ही बुटकी जात प्रसारित केली. तिचे काड आखूड असल्यामुळे पीक लोळण्याचा धोका कमी झाला. तिच्या बुटकेपणाचे जनुक २००२ साली ओळखले गेले. वाढीस कारण होणारे जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्याच्या एका पायरीत त्या जातीत उणीव होती.

जिबरेलिन पेशींची लांबी वाढविते, हे पूर्वीच ठाऊक होते. २०१५ साली चीनमधील संशोधकांनी भातात त्याचे आणखी एक कार्य दाखविले. भाताच्या पेशीत एक अवरोधक प्रथिन असते. ते भित्तीच्या नॅक नियंत्रकांना धरून ठेवते आणि त्यांना काम करू देत नाही. जिबरेलिन आले की हे अवरोधक प्रथिन नष्ट होते, नॅक नियंत्रक मोकळे होतात, ते मिब-६१ या नियंत्रकाला जागे करतात आणि तो सेल्युलोजच्या जनुकांना चालना देतो. म्हणजे जे संप्रेरक खोडाला उंची देते, तेच भित्तीत सेल्युलोज भरण्याची आज्ञाही पोहोचविते.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. बुटक्या जातींनी पीक लोळण्याचा प्रश्न उंची कमी करून सोडविला. काडाची भित्ती अधिक बळकट करून नव्हे. जिबरेलिनचे प्रमाण घटविले म्हणजे भित्तीला मिळणारी चालनाही काही अंशी घटते. यापुढे कणसांचा भार आणखी वाढवावयाचा असेल, तर केवळ काड आखूड करीत जाणे पुरेसे होणार नाही. आखूडपणा आणि बळकटी यांच्या आज्ञा एकमेकींपासून वेगळ्या करता येतात का, हे पाहावे लागेल.

उभे पीक आणि गव्हाण

भारतात गवतवर्गीय पीक केवळ धान्यासाठी घेतले जात नाही. दख्खनच्या कोरडवाहू प्रदेशात ज्वारीचा कडबा हा धान्याइतकाच मोलाचा समजला जातो. दुष्काळी वर्षी तर जनावरे जगविण्याचे तेच साधन असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजंतू सेल्युलोज व झायलन यांचे विघटन करून त्यातून जनावराला पोषण मिळवून देतात. लिग्निनचे विघटन मात्र तेथे जवळजवळ होत नाही आणि फेरुलिक अम्लाच्या गाठींमुळे शर्करेचा काही भागही त्यांच्या हाती लागत नाही. जी भित्ती शेतात पिकाला उभे ठेवते, तीच गव्हाणीत जनावराच्या पोषणाच्या आड येते.

हाच पेच अन्यत्रही दिसतो. पंजाब व हरियाणात यंत्राने भातकापणी झाल्यावर शेतात उरलेला पेंढा, गव्हाच्या पेरणीस अवधी थोडा असल्यामुळे, पुष्कळ ठिकाणी जाळला जातो. या पेंढ्यात लिग्निनबरोबरच सिलिकाही बरीच असते आणि चारा म्हणून त्याला फारशी मागणी नसते. त्याच्यापासून इथेनॉल बनविणारा प्रकल्प हरियाणातील पानिपत येथे २०२२ साली राष्ट्रास अर्पण करण्यात आला. त्याची आखणी वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा वापरून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल तयार करण्याच्या हिशेबाने झालेली आहे. अशा कारखान्यांनाही भित्तीतील शर्करा लिग्निनपासून सोडवून घ्यावी लागते आणि त्यासाठी उष्णता, रसायने व विकरे यांवर खर्च करावा लागतो.

मग लिग्निन सरसकट कमी करावे काय? स्विचग्रास या अमेरिकी गवतात लिग्निनचे एक विकर मंदावल्यावर इथेनॉलचा उतारा ३८ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे २०११ साली दिसून आले. परंतु तपकिरी शिरेच्या मका व ज्वारीचा दीर्घ अनुभव सावध करणारा आहे. अशा कित्येक वाणांत चारा अधिक पचला, पण उत्पादन घटले आणि पीक लोळण्याचे प्रमाण वाढले. हा तोटा सर्व वाणांत सारखा नसतो. तोच दोष एका वाणात हानिकारक ठरतो, तर दुसऱ्यात जवळजवळ निरुपद्रवी राहतो. यावरून लिग्निनच्या घटीचा परिणाम झाडातील इतर जनुकांवरही अवलंबून असतो, हे स्पष्ट होते.

कारागिरालाच कामावरून दूर केले, की ज्या ज्या पेशीत त्याचे काम होते त्या सर्वांची हानी होते. जलवाहिनीची होते आणि तंतुपेशीचीही होते. नियंत्रकांच्या ज्ञानाचा उपयोग येथे होतो. जलवाहिनी आणि तंतुपेशी यांना आज्ञा देणारे नियंत्रक भिन्न असल्यामुळे, एकीची भित्ती न बिघडविता दुसरीच्या भित्तीत फेरबदल करणे तत्त्वतः शक्य आहे. २०१३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ॲराबिडॉप्सिसमध्ये असा प्रयोग केला. लिग्निनचे एक जनुक बिघडलेल्या खुरट्या रोपात त्यांनी तेच जनुक फक्त जलवाहिन्यांत कार्य करील अशा प्रवर्तकासह पुन्हा घातले. जलवाहिन्या पूर्ववत झाल्या व रोपाची वाढ सुधारली; तंतुपेशींतील लिग्निन मात्र कमीच राहिले. त्या तंतुपेशींतील शर्करेचे थर वाढविण्यासाठी त्यांनी नॅक नियंत्रकाची अशी योजना केली की, भित्ती-बांधणी सुरू झाली की तिच्यामुळेच त्या नियंत्रकाला अधिक चालना मिळावी.

गवतांना ही पद्धती लागू करताना एक फरक ध्यानात ठेवावा लागेल. गवताच्या ताटात खोडाला आधार देणारा पट्टा सालीलगत असतो आणि पिकाचे उभे राहणे त्यावरच अवलंबून असते. म्हणून तंतुपेशींतील लिग्निन सगळीकडे कमी करून चालणार नाही. सालीचा पट्टा अभंग ठेवून पानांतील वा गाभ्यातील वृंदांच्या वेष्टणात ते घटविता आले, तर उभे पीक आणि पचणारा चारा या दोन्ही गोष्टी साधण्याची आशा आहे. त्यासाठी प्रत्येक ठिकाणच्या पेशीला कोणता नियंत्रक आज्ञा देतो, याची नोंद भात, ज्वारी व मका या पिकांत स्वतंत्रपणे व्हावी लागेल.

भित्तीत लिग्निन किती आहे, हा प्रश्न दीर्घकाळ मुख्य मानला गेला. आतापर्यंतच्या अभ्यासाने त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न ठेवले आहेत : ते कोठे आहे आणि केव्हा आले. ज्या शेतकऱ्याला एकाच ताटातून घरासाठी दाणे आणि गोठ्यासाठी चारा काढावयाचा असतो, त्याच्या दृष्टीने या दोन प्रश्नांची उत्तरेच अधिक उपयोगाची आहेत. ती उत्तरे शोधताना नव्या वाणाची अंतिम परीक्षा मात्र प्रयोगशाळेत होणार नाही. ती वादळवाऱ्यात, भरल्या कणसाच्या भाराखाली आणि त्यानंतर गव्हाणीतच व्हावयाची आहे.